चटईवरचे शंभर मीटर

साताऱ्यात मी ज्यांच्या घरी भाड्यानं राहत होतो, त्यांच्या लेखी मी एकवीस सेकंदांचा माणूस होतो.

म्हणजे शंभर मीटर पळायला मला एकवीस सेकंद लागतील, असा त्यांचा अंदाज. त्यांनी मला पळताना कधी पाहिलं नव्हतं. मी खोली बघायला आलो, फाटकापासून दारापर्यंत चालत गेलो, तेवढ्यावर त्यांनी आकडा काढला आणि आत तोंड करून बायकोला सांगितलं, "एकवीस. पन मानूस सरळ दिसतोय." खोली मिळाली. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरचा कारकून होतो, चोवीस वर्षांचा होतो, आणि आपण एकवीस सेकंदांचे आहोत हे मला तोवर कुणी सांगितलेलं नव्हतं.

ते पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी जवानांना कवायत आणि पळणं शिकवण्यात गेली. पलटणीत असं शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, म्हणून अख्खी गोडोली त्यांना उस्ताद म्हणायची आणि मीही म्हणायचो. गळ्यात कायम एक स्टॉपवॉच. दोरी तीनदा बदललेली, घड्याळ तेच. चहाला उकळी यायला किती लागले, नळाला पाणी किती वेळ होतं, पाहुणा उठतो उठतो म्हणाल्यापासून खरोखर उठेपर्यंत किती गेले, सगळं त्या घड्याळात. पाहुण्यांसमोर ते बटण दाबत. बरेच पाहुणे पुन्हा यायचे नाहीत, आणि त्याचं उस्तादांना काही वाटत नसे.

माणसाची पारख ते सेकंदांत करत. आमचा पोस्टमन चौदाचा. दूधवाला सोळाचा, पण 'सायकल सोडली तर पंधरावर यील'. मस्कतला मेकॅनिक असलेला स्वतःचा मुलगा सतराचा. "आईवर गेलाय," एवढंच ते म्हणत. भाचीला एक स्थळ आलं होतं. मुलगा इंजिनिअर, घरचा ऊस, स्वभाव गरीब. उस्ताद बघून आले आणि म्हणाले, "एकोनीस." घरात दोन दिवस कुणी जेवलं नाही. शेवटी लग्न झालं, संसार उत्तम चालला, पण भाचीचा विषय निघाला की उस्ताद खिडकीबाहेर बघायचे.

त्यांनी बिनशर्त मानलेला माणूस आयुष्यात एकच. तो सांगलीला राहायचा. दोघं एकाच दिवशी भरती झाले, एकाच पलटणीत पंचवीस वर्षं पळाले. पलटणीच्या शर्यतीत कधी हा पहिला, कधी तो, आणि दोघांत फरक नेहमी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याचा. "त्यो बारा पॉइंट एक, मी बारा. न्हाईतर मी बारा पॉइंट एक, त्यो बारा," असं उस्ताद सांगायचे. हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. निवृत्तीनंतर एक साताऱ्यात राहिला, दुसरा सांगलीत, आणि सहा वर्षांत भेट झालेली नव्हती. का, असं मी एकदा विचारलं. "भेटून काय करायचं? पळायला मैदान कुठं हाय?" ते म्हणाले.

आधीची वर्षं नुसती आज-उद्या करण्यात गेली होती; अलीकडचं खरं कारण वेगळं होतं, ते मला काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, सांगितलं. मी राहायला येण्याच्या आदल्या वर्षी अजिंक्यताऱ्याच्या चढावर उस्ताद पळता पळता खाली बसले होते. हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, चाला, पण पळायचं नाही, चढायचं नाही. उस्तादांचं म्हणणं, डॉक्टर अठराचा आहे, त्याला पळण्यातलं काय कळतंय. काकूंनी वाद घातला नाही. त्यांनी उस्तादांचे कॅनव्हासचे बूट ज्वारीच्या पिंपात खाली घातले आणि वर ज्वारी ओतली. बुटांशिवाय उस्ताद रस्त्यावर पळणार नाहीत, हे त्या जाणून होत्या. बिनबुटाचा माणूस पळताना दिसला तर तो चोर तरी असतो नाहीतर त्याच्या मागे कुत्रं तरी असतं, असं उस्तादांचं पलटणीतलं मत होतं. म्हणून ते वर्षभर नुसतं चालले. चालताना त्यांचा चेहरा असा असायचा, जसं काही त्यांच्यावर कुणी खटला भरलाय.

मग दिवाळीला मुलगा मस्कतहून आला आणि व्हिडिओ गेम घेऊन आला.

तेव्हा साताऱ्यात व्हिडिओ गेम म्हणजे टीव्हीला जोडायचा डबा आणि हातात धरायची दोन बटणं, एवढंच लोकांना ठाऊक होतं. याच्याबरोबर एक चटई होती. प्लॅस्टिकची, घोंगडीएवढी, वर लाल-निळे गोल, आणि एका कडेतून वायर निघून डब्याला जोडलेली. चटईवर उभं राहून जागच्या जागी पळायचं. तुमचा पाय जितका भरभर पडेल तितका टीव्हीतला बुटका माणूस भरभर पळायचा. शंभर मीटर झाले की पडद्यावर वेळ यायची, दशांशासकट. शेजारी शेजारी दोन पट्टे होते, म्हणजे दोघांना शर्यत लावता यायची.

मुलानं पळून दाखवलं. सतरा पॉइंट तीन. उस्तादांनी त्याचवेळी आपल्या घड्याळाचं बटण दाबलं होतं. त्यात सतरा पॉइंट चार. ते चटईकडे बघत राहिले. मग मुलाला म्हणाले, "असलाच अजून एक आन. सांगलीला द्यायचा." मुलानं मस्कतहून येणाऱ्या एका दोस्ताकरवी आठवड्यात खरंच दुसरा मागवला आणि स्वतः सांगलीत पोचवूनही आला. घरात सून होती, वस्तू दारातच घेतली, मामंजी झोपलेत म्हणाली, एवढंच त्यानं येऊन सांगितलं.

माझी खोली उताराच्या अंगाला, म्हणजे त्यांच्या बाहेरच्या खोलीच्या बरोबर खाली होती. त्या दिवाळीपासून रोज सकाळी सहाला माझ्या चहात वरून गिलावा पडायला लागला. चार दिवस मी कपावर बशी झाकून चहा प्यायलो. पाचव्या दिवशी तक्रार करायला वर गेलो.

उस्ताद बनियन आणि खाकी चड्डीवर चटईवर पळत होते. टीव्हीतला बुटका घामाघूम झालेला नव्हता, ते झाले होते. काकू स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "बगा की, त्यो मानूस लय पळतोय." त्या टीव्हीतल्याबद्दल बोलत होत्या. नवरा घरातल्या घरात पाय हलवतोय, पुढे तर एक इंचही जात नाही, म्हणजे हे चालण्यातच जमा, अशी त्यांची समजूत होती. तिकडे उस्तादांचं म्हणणं असं, की डॉक्टरनं रस्त्यावर पळायला मनाई केलीय, चटईचं नाव काढलं नव्हतं. आणि चटईवर बूट घालायचेच नसतात, त्यामुळे चोर दिसण्याचाही प्रश्न मिटला होता.

"बाबू आलं, बरं झालं," उस्ताद म्हणाले. पलटणीत कारकुनाला बाबू म्हणतात. "साक्षीदार पायजेच हुता."

माझी तक्रार तिथेच राहिली. त्या दिवसापासून मी साक्षीदार झालो. काम असं होतं. रोज सकाळी वर जायचं, वेळ बघायची, वहीत लिहायची. रविवारी आठवड्यातली सगळ्यात चांगली वेळ पोस्टकार्डावर घालून सांगलीला पाठवायची. मजकूर ते सांगायचे, अक्षर माझं, कारण कागदावरचं काम बाबूचं. "शंभर मीटर, तेरा पॉइंट चार. तब्येत ठीक." खाली त्यांची सही आणि त्याच्या खाली साक्षीदाराची, म्हणजे माझी. सांगलीहून आठ दिवसांनी उत्तर यायचं, तसंच एका ओळीचं. "शंभर मीटर, तेरा पॉइंट दोन. पाऊस न्हाई." खाली सही, आणि साक्षीदार म्हणून सुनेची सही. सहा वर्षांत एकमेकांना एक पत्र न लिहिलेले हे दोघं आता दर आठवड्याला लिहायला लागले.

साक्षीदारानंही रोज एकदा पळायचं, असा नियम होता. नियम भिंतीवर फळीवर खडूनं लिहिलेले होते. एक, हात लावणे मना. दोन, चटईवरून उतरणे मना. तीन, दम लागल्यावर थांबणे मना.

जागच्या जागी पळण्यात काय लागतंय, असं मलाही वाटलं होतं. पहिल्या दिवशी मी एकवीस पॉइंट शून्यमध्ये शंभर मीटर पळालो. उस्तादांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी माझ्या मांड्या माझ्या राहिल्या नाहीत. खऱ्या मैदानात पाय पुढे जातो, इथे तो त्याच जागेवर आपटायचा, आणि तो आपटलेला सगळा जोर पुन्हा वर तुमच्याकडेच यायचा. पोटऱ्यांत गोळे आले. मी आठवडाभर जिना उलटा, पाठीकडून उतरलो. कारखान्यात कुणी वरच्या फळीवरचे नटबोल्ट मागायला आला की मी त्याला 'संपलेत' म्हणून सांगायचो, कारण शिडी चढणं शक्य नव्हतं. माझ्या त्या आठवड्यातल्या उत्तरांमुळे कारखान्यानं नको तेवढे नटबोल्ट मागवले. सकाळच्या विधींसाठी बसणं आणि मुख्य म्हणजे उठणं, याबद्दल मी लिहीत नाही.

तिसऱ्या आठवड्यात, उस्ताद तोंड धुवायला गेलेत असं बघून मी गुडघ्यावर बसलो आणि चटई दोन्ही हातांनी बडवली. पाय उचलायला जो वेळ लागतो तो हातांना लागत नाही. बुटका सुसाट सुटला. तेरा पॉइंट एक. वर बघतो तर उस्ताद दारात, तोंडाला साबण तसाच.

"उठा," ते म्हणाले. "घाम कुटं हाय तुमचा? दावा."

घाम नव्हताच. मला आठ दिवस मैदानाबाहेर केलं. म्हणजे वेळा लिहायला यायचं, पण चटईला पाय लावायचा नाही. ती शिक्षा आहे असं त्यांना वाटत होतं. मी चेहरा पाडून ती भोगली. पण नवव्या दिवशी ते मला जे म्हणाले ते मी विसरलो नाही. "बाबू, तुमी एकवीसचं हाय, त्यात लाज न्हाई. लाज तेरा लिवन्यात हाय."

उन्हाळ्यापर्यंत सगळं ठीक होतं. मग सांगलीच्या वेळा खाली यायला लागल्या. बारा पॉइंट सहा. बारा. अकरा पॉइंट सात. त्या वयात! उस्ताद कार्ड हातात धरून उभे राहायचे. आधी खूश झाले. "बगा, ह्याला म्हंत्यात मानूस," असं पोस्टमनला सांगितलं. मग सकाळी एकदा पळायचे ते दोनदा पळायला लागले. मग संध्याकाळीही. त्यांची वेळ तेराच्या खाली यायची, बारा पॉइंट आठला अडायची आणि तिथून हलायची नाही. काकू पायाला तेल चोळायच्या आणि नुसत्या चालण्यानं पाय इतके कसे दुखतात म्हणून आश्चर्य करायच्या. पळून झालं की उस्ताद छातीवरचं घड्याळ नीट करत. मला आधी घड्याळच वाटलं. मग ध्यानात आलं, घड्याळ मध्यभागी असायचं आणि त्यांचा हात डावीकडे असायचा.

एके दिवशी काकू खाली माझ्या खोलीत आल्या. कधी येत नसत. दारातच उभ्या राहिल्या.

"तुमी शिकल्यालं हाय. खरं सांगा. ते चालत्यात का पळत्यात?"

"चालतात," मी म्हणालो.

त्या बरं म्हणाल्या आणि गेल्या. त्यांनी विश्वास ठेवला, याचं मला फार वाईट वाटलं. इतकं, की मी त्या संध्याकाळी उस्तादांना सांगायचं ठरवलं की उद्यापासून मी वर येणार नाही. सांगितलं मात्र नाही.

सांगलीहून दहा पॉइंट नऊ आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ते झालं. काकू यमाईच्या दर्शनाला औंधला गेल्या होत्या. उस्ताद पळत होते, मी वही घेऊन बसलो होतो. साठेक मीटरवर त्यांचे पाय थांबले आणि ते चटईवर हळूच बसले, जेवायला बसावं तसे. ओठ राखेसारखे झाले होते. टीव्हीतला बुटका मध्येच थांबून उभ्या उभ्या हात हलवत राहिला. मी त्यांची हृदयाची गोळी शोधली, जिभेखाली ठेवली, पाणी आणलं, वारा घातला. पंधरा मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले.

"धा पॉइंट नऊ," ते म्हणाले. "कसं काडलं असंल त्यानं?"

मला राग आला. आयुष्यात वडीलधाऱ्या माणसावर मी पहिल्यांदाच ओरडलो. म्हटलं, काकूंना आजच सांगतो, मी खोटी साक्ष देऊन बसलोय, तुम्ही या चटईवर मराल आणि मी तुमची वेळ लिहीत बसेन.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एक काम करा. मला सांगलीला न्या. ह्या डोळ्यानं त्याला धा पॉइंट नऊ पळताना बगतो. खरं असंल तर मी दुसरा. संपलं. पुन्ना चटईला पाय लावनार न्हाई."

"आणि खोटं असेल तर?"

"तर मग पंचवीस वर्सं मी कुनासंगट पळालो?" ते म्हणाले.

डॉक्टरांनी तपासून प्रवासाला हरकत नाही म्हटल्यावर, दोन आठवड्यांनी आम्ही एसटीनं निघालो. काकूंना सांगितलं, मित्राला भेटायला. खोटं नव्हतं. उस्तादांनी एका पिशवीत कंदी पेढे घेतले आणि दुसऱ्या पिशवीत सांगलीहून आलेली सगळी कार्डं, तारखेनं लावून. कऱ्हाड गेलं, इस्लामपूर गेलं, त्यांनी घड्याळाला हात लावला नाही. एसटी कऱ्हाडला चाळीस मिनिटं उभी होती, तरीसुद्धा नाही. तेव्हा मला खरी काळजी वाटली.

घर विश्रामबागेच्या पलीकडे होतं. सुनेनं दार उघडलं. सातारा म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. तोंडावर पदर घेऊन नुसती बाजूला झाली. आतून आवाज येत होता. थप थप थप थप, अतिशय जलद. उस्ताद ओसरीवरच थांबले आणि कान देऊन ऐकत राहिले. मला हळूच म्हणाले, "पाय न्हाईत ह्ये."

खरोखरच पाय नव्हते. एकच होता.

ते खाली जमिनीवर भिंतीला टेकून बसले होते. उजवा पाय गुडघ्यापासून नव्हता. चटई मांडीला लागेल अशी ओढून घेतलेली, आणि दोन्ही हातांत पलटणीतले लोकरीचे पायमोजे चढवलेले. पायमोज्यांनी ते चटई बडवत होते, डोळे टीव्हीवर, दात आवळलेले. बुटक्यानं फीत तोडली. अकरा पॉइंट दोन. त्यांनी मान वळवली आणि आम्ही दिसलो. पहिल्यांदा त्यांचा हात बाजूच्या चादरीकडे गेला. चादर पायावर ओढली. मग हातातले पायमोजे काढायला लागले, ते लवकर निघेनात.

"आलास व्हय," ते म्हणाले.

"हात लावनं मना हाय," उस्ताद म्हणाले.

हे ते बोलले हे त्यांनाही पटलं नसावं. सवयीनं आलं तोंडातून. मी खाली फरशीकडे बघत उभा राहिलो. पंचवीस वर्षांच्या दोस्तीत एवढं वाईट वाक्य झालं नसेल.

सून दारातून बोलली. मोठ्या माणसांत बोलणारी वाटत नव्हती, पण बोलली. "आवं मामा, साखरंनं पाय काडला तवापास्नं सा म्हैने भिंतीकडं तोंड करून पडून हुते. जेवा म्हटलं तर जेवत न्हवते. ही चटई आली, त्यातनं तुमचं कार्ड आलं, आन मला म्हनले, उटीव. मी उटवलं. सही मीच केली. काय शिव्या घालायच्या त्या मला घाला."

उस्तादांनी शिव्या घातल्या नाहीत. "कळवलं का न्हाईस रं?" ते म्हणाले.

"काय कळवू? तुजं कार्ड आलं, तेरा पॉइंट चार. तू पळतोयस. आन मी लिवू, गड्या, माजा एक पाय कमी झालाय?" त्यांनी आता एक पायमोजा काढला होता. हाताचा तळवा सोललेला दिसला. "मग तुजी वेळ खाली याया लागली. मी पन आनली. तू थांबला असतास तर मी थांबलो असतो."

"मी कसा थांबनार? तू धा पॉइंट नऊ लिवत हुतास," उस्ताद म्हणाले. "माजं काळीज बिघडलंय. डाक्टरनं मना केलंय. दोन वर्सं झाली."

"मग पळत हुतास कशाला?"

"तू पळत हुतास म्हनून."

टीव्हीतला बुटका पुढच्या शर्यतीसाठी तयार उभा होता. मग उस्ताद खाली बसले, मांडी घालून. बूट काढले, पायातले मोजे काढले आणि ते हातांत चढवले. एक मोजा अंगठ्याला फाटका होता, त्यातून त्यांचं बोट बाहेर आलं.

"लाव पुन्यांदा," ते म्हणाले. "माजा डावीकडचा पट्टा."

अकरा शर्यती झाल्या. उस्ताद अकराच्या अकरा हरले. मुद्दाम नाही, मी समोर बसून बघत होतो. हातांनी पळायचा सराव सांगलीकरांचा सात-आठ महिन्यांचा, उस्तादांचा काहीच नाही. तिसऱ्या शर्यतीनंतर त्यांचे खांदे भरून आले, सातव्यानंतर मनगटं सुजली, आणि प्रत्येक वेळी ते 'अजून एक' म्हणत होते. सांगलीकर इतके हसत होते की सून दोनदा आत येऊन बघून गेली. निघताना उस्तादांनी कार्डांची पिशवी उघडलीच नाही. पेढे दिले.

परतीच्या वाटेवर इस्लामपूरच्या स्टँडवर चहा घेतला. उस्तादांना कप धरता येईना. मी बशीत ओतून त्यांच्या तोंडाशी धरली आणि त्यांनी ती मुकाट्यानं प्यायली. मग एसटी सुटायला वेळ लागला तसं त्यांनी कोपरानं घड्याळाचं बटण दाबायचा प्रयत्न केला. मला हायसं वाटलं.

घरी काकूंनी ते हात पाहिले. उस्तादांनी त्यांना सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. मी पळत हुतो, असं सरळ म्हणाले. मीही माझं खोटं कबूल केलं. काकू आमच्या दोघांशी चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी जुन्या वाकळेच्या तुकड्यांचे कापूस भरलेले हातमोजे शिवून उस्तादांच्या पुढ्यात टाकले. दोन जोड होते. "एक सांगलीला धाडा," म्हणाल्या. त्या दिवशी फळीवरचा पहिला नियम उस्तादांनी ओल्या फडक्यानं पुसला. दुसऱ्या आणि तिसऱ्यावर बराच वेळ विचार केला, आणि तिसराही पुसला.

त्यानंतर दीड वर्ष मी तिथे होतो. कार्डं चालू राहिली, आता बसून, हातांनी, डॉक्टरांना सांगून. उस्ताद शिकले आणि बारा पॉइंट सहापर्यंत आले. सांगलीच्या वेळा मात्र दुसऱ्या वर्षी वर चढायला लागल्या. बारा. चौदा. सतरा. दिवाळीनंतर कार्डावरचं अक्षर बदललं. साक्षीदाराची सही ज्या हाताची, त्याच हाताचं आता सगळं कार्ड होतं. उस्तादांनी ते लगेच ओळखलं. मग एका सोमवारी सुनेच्या अक्षरातलं कार्ड आलं, "शंभर मीटर, बावीस पॉइंट शून्य."

उस्तादांनी ते दोनदा वाचलं. त्या सकाळची त्यांची वेळ मी वहीत लिहिलेली होती, बारा पॉइंट सहा. रविवारपर्यंत थांबायचा रिवाज होता. ते म्हणाले, "आजच लिवा."

मी कोरं कार्ड काढलं.

"शंभर मीटर," त्यांनी सांगितलं. "बावीस पॉइंट एक."

माझा पेन थांबला. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या फळीकडे बघत होते, गळ्यातलं घड्याळ मुठीत धरून. ज्या माणसानं मला एका खोट्या तेरासाठी आठ दिवस बाहेर काढलं होतं, तो दहाव्या हिश्श्यासकट खोटं सांगत होता. आणि बावीस पॉइंट एक म्हणजे ते माझ्याही मागे जात होते.

"साक्षीदाराची सही करा, बाबू."

मी केली. खाली तारीख घातली आणि कारखान्यात जाता जाता कार्ड पेटीत टाकलं.

उत्तर आठ दिवसांनी आलं. अक्षर वेडंवाकडं होतं, ओळ कार्डाच्या बाहेर जात होती आणि वेळ लिहिलेलीच नव्हती. "लय मंद झालास गड्या. सराव वाडीव." उस्तादांनी ते तिथेच दारात पोस्टमनला वाचून दाखवलं. मग दूधवाल्याला. मग फाटकाशी उभं राहून रस्त्यानं जाणाऱ्या दोघातिघांना, ज्यांना पलटण आणि चटई यांतलं काहीही ठाऊक नव्हतं.

"तुमाला मंद म्हनलाय त्यो," काकू आतून म्हणाल्या. "त्यात एवडं नाचाया काय झालं?"

"आगं," उस्ताद म्हणाले, "सोताच्या हातानं लिवलंय त्यानं."